वाडा विकू नकोस, हे कोणी सांगितलं?

प्रश्न

ताई, नमस्कार. मी बडोद्यातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवते. वय ४७. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा जुना वाडा आहे. फाल्गुनात सासूबाई गेल्या आणि त्यांच्या देवांची पूजा माझ्याकडे आली. वैशाखातल्या एका सकाळी मी सहाणेवर गंध उगाळत होते. उगाळता उगाळता हात, खोड, पाणी, सहाण हे वेगवेगळं उरलंच नाही. मी होते, पण ‘मी इथे आणि बाकीचं तिथे’ असं काही नव्हतं. बाहेर रिक्षांचा आवाज चालू होता, तोही माझ्यातच चालल्यासारखा. याहून नीट मला सांगता येत नाही, शब्दांत ते बसतच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आले तेव्हा गंध सहाणेवर सुकून गेलं होतं. आणि त्याच वेळी लख्ख कळलं होतं, की हा वाडा विकायचा नाही. आवाज वगैरे आला नाही. पण दोन आणि दोन चार, इतकं लख्ख.

पुण्याच्या दिरांनी बिल्डरशी बोलणी केली होती, बानाखत (विक्रीचा करार) करायचं ठरलं होतं आणि मीही होकार दिला होता. आता मी नाही म्हणते आहे. यजमान गप्प आहेत. मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, ‘मम्मी, मेंदूतली केमिकल्स आहेत, बाकी काही नाही.’ आमच्या सत्संगातल्या माई म्हणतात, ‘हा आदेश आहे. आता तर्क सोड, बुद्धी हाच अडसर. गुरुपौर्णिमेला सगळ्यांना सांग.’ सिद्धतेशिवाय मी वर्गात एक पायरी पुढे जात नाही. मग आता अनुभव खरा मानू की तर्क?

— नाव छापू नये, बडोदे

उत्तर

वाडा विकावा की ठेवावा, याचं उत्तर तुम्हाला त्या सकाळी मिळालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण घरातली बोलणी अडली आहेत आणि दीर वाट बघत असतील. त्या सकाळी जे आलं ते मात्र खरंच आलं. ते तुम्ही कुणाला सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही, आणि कुणाला ते खोडूनही काढता येणार नाही. या दोन्ही गोष्टी मी सारख्याच खात्रीने लिहिते आहे. त्यांच्यात भांडण नाही.

मुलाचं म्हणणं चूक नाही, अपुरं आहे. मेंदूत काहीतरी झालंच असणार. तुम्ही फळ्यावर दोनचं वर्गमूळ अपरिमेय असल्याची सिद्धता मांडता, तेव्हाही होतं. पण त्या वेळी डोक्यात कोणती रसायनं होती यावरून सिद्धता बरोबर की चूक हे कुणी ठरवत नाही, एकेक पायरी तपासून ठरवतात. विचार कुठून उगवला हे कळलं, एवढ्याने तो खरा की खोटा हे कळत नाही. विल्यम जेम्स हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः वैद्यकाची पदवी घेतलेला माणूस. त्याने १९०१-०२ मध्ये एडिंबरात धर्मानुभवांवर व्याख्यानं दिली, तेव्हा सुरुवातीलाच हा मुद्दा मोकळा केला: संतांच्या अनुभवाचं कारण त्यांच्या नसांत शोधून तो निकालात काढायचा असेल, तर नास्तिकाच्या मतालाही तोच नियम लागतो, कारण नसा त्यालाही आहेत. मुलाला हे सांगा. त्याला वाद आवडत असेल तर हा मुद्दा नक्की पटेल.

हाच न्याय माईंच्या म्हणण्यालाही लावायला हवा. विचार मेंदूतून आला म्हणून खोटा ठरत नाही, तसा तो देवघरात आला म्हणून खराही ठरत नाही. जेम्सने शेवटी जे निष्कर्ष काढले त्यातले दोन तुमच्या घरातल्या पेचाला नेमके लागू आहेत. असा अनुभव ज्याला येतो, त्याच्यावर त्या अनुभवाचा अधिकार चालतो आणि चालावाही. पण बाहेरच्या माणसाने तो निमूट मान्य करावा, असं बंधन कुणावर नाही. तुमचे यजमान आणि दीर हे त्या सकाळच्या बाहेर उभे आहेत. त्यांना ‘मला कळलं’ एवढंच सांगणं पुरेसं नाही, आणि ते पुरेसं मानत नाहीत म्हणून ते अश्रद्धही ठरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तुम्हीच लिहिलं आहे की जे झालं ते शब्दांत बसत नाही. मी ते पूर्ण मानते. पण ‘वाडा विकायचा नाही’ हे शब्दांत अगदी व्यवस्थित बसतं. त्यात कर्म आहे, क्रियापद आहे, नकार आहे. निष्कर्ष काढायचा तर आधी हातात विधान लागतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. जे विधान होऊच शकत नाही त्यातून ‘म्हणून वाडा ठेवा’ हे निघणार कसं? आणि त्या सकाळने खरोखरच एक विधान दिलं असं धरलं, तर मग ते विधान इतर सगळ्या विधानांच्या रांगेत येऊन उभं राहतं. त्याला आधार काय, त्याच्या विरुद्ध काय, ते चुकीचं असतं तर काय वेगळं दिसलं असतं, हे सगळे प्रश्न त्याला विचारायचे. देवघरातून आलं म्हणून रांग मोडून पुढे जाता येत नाही. लोक अनुभवाला आणि तर्काला एकमेकांसमोर उभं करतात तेव्हा बहुतेक वेळा हाच घोटाळा झालेला असतो. अनुभव आणि त्या अनुभवातून घाईने उचललेलं वाक्य, या दोन्हींना ते एकच समजतात. तर्काचं काम फक्त वाक्यापाशी आहे. अनुभवाला तो हात लावत नाही, लावूही शकत नाही.

तुमची खरी अडचण मला दिसते. ते वाक्य साधं सुचलं नाही, लख्ख दिसलं. पण लख्खपणावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे, आणि त्यातला एक मोठा ठेवा बडोद्यानेच जगापुढे आणला. गायकवाड ओरिएंटल सिरीज ही बडोदे संस्थानाची ग्रंथमाला. तीत १९२६ साली शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या टीकेसह, म्हणजे भाष्यासह, छापला गेला. ग्रंथ आठव्या शतकातला, बौद्ध परंपरेतला. त्याचं शेवटचं प्रकरण आहे, इंद्रियांच्या पलीकडचं पाहणाऱ्या पुरुषाची परीक्षा. मीमांसक, म्हणजे वेदालाच अंतिम प्रमाण मानणारे, म्हणतात असा पुरुष असूच शकत नाही, बौद्ध म्हणतात असू शकतो, आणि शेकडो श्लोक हा वाद चालतो. अलौकिक दर्शन मानणारे आणि न मानणारे, दोघेही तर्कानेच लढतात. ‘तर्क सोडा, मग कळेल’ असं म्हणून कुणी उठून जात नाही.

शांतरक्षिताच्याही आधीचा, सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती तर योग्याला होणारं ज्ञान ‘प्रत्यक्ष’, म्हणजे थेट दिसणारं खरं ज्ञान, या सदरात मोजणारा. तरी तोच बजावतो की काम, शोक, भय, उन्माद यांनी ग्रासलेल्या माणसाला नसलेली गोष्टही समोर उभी असल्यासारखी दिसते. म्हणून नुसता स्पष्टपणा त्याला पुरत नाही. ध्यानात जे लख्ख दिसलं ते आधी प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या भरवशाच्या साधनांनी, पक्कं ठरलेलं असेल, त्याच्याशी जुळत असेल, तरच त्याला तो प्रत्यक्ष म्हणतो, बाकीचं भ्रमात जमा. त्याच्या यादीत शोक आहे, याकडे तुमचं लक्ष वेधते. सासूबाई जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांचीच सहाण, त्यांचंच खोड, त्यांचेच देव. तुमचा अनुभव शोकातून आला असं मी म्हणत नाही, ते मला ठरवता येणार नाही. पण ‘वाडा’ हा विषय त्या क्षणी मनात सगळ्यात वर तरंगत असणार, एवढं उघड आहे.

गणितातलंच उदाहरण हवं असेल तर रामानुजन घ्या. आपल्याला जे सुचतं ती नामक्कलच्या नामगिरी देवीची कृपा, असं ते मानत. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र पाठवलं. त्यातली कितीतरी सूत्रं बघून हार्डी चकित झाले. पण दिलेल्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती, हे अगदी नगण्य चुकीसह सांगणारं सूत्र सापडल्याचा दावाही त्याच पत्रात होता, आणि तो खरा ठरला नाही. देवी तीच, माणूस तोच, खात्रीही तीच. खरं सूत्र आणि चुकलेलं सूत्र यांतला फरक आतून दिसत नव्हता, सिद्धता मागितल्यावर दिसला. यात देवीचाही अपमान नाही आणि रामानुजनांचाही.

आता तुमच्या घराजवळची हकिगत, जी मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, बडोदे कॉलेजात शिकवत होते. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसचं सुरतेचं अधिवेशन उधळलं. त्यानंतर, १९०८ च्या जानेवारीत ते बडोद्याला आले आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याला भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या एका खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं, की विचार करू नका, मनाकडे नुसतं बघा. विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधी परतवा. अरविंदांनी ते केलं. मन पूर्ण निःशब्द झालं, आणि जे उरलं त्यापुढे सगळं जग पोकळ आकारांसारखं, पडद्यावरच्या चित्रासारखं दिसू लागलं.

गंमत अशी, की हे दोघांनाही नको होतं. अरविंद योगाकडे आले ते देशकार्यासाठी बळ मिळावं म्हणून. लेले भक्तिमार्गी. जग मिथ्या आहे अशा जातीचा अनुभव दोघांच्याही बेतात नव्हता, आणि तो आपल्या तेव्हाच्या विचारांच्या विरुद्ध होता असं अरविंदांनी पुढे स्वतःच लिहिलं आहे. म्हणजे ‘मनात होतं तेच दिसलं’ असं म्हणून तो उडवून लावता येत नाही.

त्यावर त्यांनी काय केलं ते बघा. अनुभव त्यांनी नाकारला नाही. ती शांती पुढे टिकली, तिच्यातूनच आपण बोलतो-लिहितो असं ते सांगत. पण ‘म्हणून जग खोटं’ हे वाक्य मात्र त्यांनी स्वीकारलं नाही. त्याच जानेवारीत मुंबईला जाऊन ते सभेत बोलले, राजकारण चालू ठेवलं. पुढच्या वर्षांत आणखी अनुभव आले, त्यांच्याशी हा पहिला अनुभव ताडून पाहिला, आणि १९१४ ते १९२१ या काळात ‘आर्य’ मासिकात लिहिताना मायावादाची, म्हणजे जग मिथ्या आहे या मताची, बाजू आधी सविस्तर मांडून मग तर्काने तिचं खंडन केलं. स्वतःच्या पहिल्या मोठ्या अनुभवातून जो निष्कर्ष सरळ निघतोसा वाटत होता, त्याच निष्कर्षाचं खंडन. अनुभव तसाच ठेवला, वाक्य मात्र तपासलं आणि वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यांचं तत्त्वज्ञान मला सगळं पटतं असं नाही, पण ही रीत मला पूर्ण पटते.

माईंना मी वाईट म्हणत नाही. तुमच्या आनंदात त्यांना आनंद वाटत असेल. पण ‘बुद्धी हाच अडसर’ हे म्हणताना त्या ज्यांची परंपरा सांगतात, त्यांनी तरी बुद्धी सोडली होती का? ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ उघडा. नावातच अनुभव आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे अज्ञानखंडन. अज्ञान नावाची वस्तू मानली तर ती कुठे राहील, ज्ञानात राहील की स्वतःतच, ती कुणाला दिसेल, असे एकेक पर्याय घेऊन ते मोडत जातात. तिसऱ्या प्रकरणात तर शिवसूत्राचा (शैवांच्या मूळ ग्रंथाचा) आणि गीतेचा आधार देऊन झाल्यावर ते स्वच्छ म्हणतात, की शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही, त्यांनी सांगितलं नसतं तरी हे मिळालंच असतं. जिथे साक्षात शिवाच्या शब्दालाही नुसत्या नावावर सोडलेलं नाही, तिथे ‘आदेश आहे’ एवढ्यावर तुम्ही का थांबावं?

एक परीक्षा स्वतःशी करून बघा. त्या सकाळी तितक्याच लख्खपणे ‘वाडा उद्याच विकून टाक’ असं कळलं असतं, तर माई त्यालाही आदेश म्हणाल्या असत्या का? आणि तुम्ही? तुमचं उत्तर ‘नाही, तेव्हा मी थांबून विचार केला असता’ असं असेल, तर तो विचार आताही करायला हवा.

गुरुपौर्णिमेला सांगू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. चारचौघांत सांगितलेला अनुभव प्रत्येक सांगण्यागणिक गुळगुळीत होतो, ऐकणाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे वळतो, आणि वर्षभराने तुम्हालाच आठवेनासं होतं की खरं काय झालं होतं. ‘माई, मला अजून त्यात राहू द्या’ एवढं म्हणा, त्या समजून घेतील. त्याऐवजी वहीत लिहून ठेवा. पानाच्या एका बाजूला फक्त जे झालं ते: हात, पाणी, आवाज, सुकलेलं गंध. दुसऱ्या बाजूला त्यावरून मी काय समजले ते. दोन्ही बाजूंची सरमिसळ होऊ देऊ नका. पहिली बाजू कायम राहील. दुसऱ्या बाजूत खोडाखोड होईल, आणि ती झालेली चांगली.

तब्येतीचं एक बोलून ठेवते. एकदाच झालं, नंतर गोंधळ नाही, धडपड नाही, तर काळजीचं कारण मला दिसत नाही. पण असं वारंवार व्हायला लागलं, मधला वेळ कोरा जाऊ लागला, आधी विचित्र वास येणं किंवा पोटातून काहीतरी वर चढणं असं जाणवलं, नंतर थोडा वेळ उमजेनासं झालं, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातली फिट कधीकधी अशा रूपात येते आणि तिच्यावर औषध आहे. दाखवलं म्हणून अनुभवाची किंमत कमी होत नाही, हे वर मुलाच्या निमित्ताने लिहिलंच आहे.

राहिला वाडा. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तुम्ही होकार दिल्याचं आहे, पण तुम्हाला कुणी ‘तुझी इच्छा काय’ असं विचारल्याचं कुठेही नाही. सासूबाईंच्या हाताखाली त्या घरात तुमची इतकी वर्षं गेली. कदाचित तुम्हाला तो विकायचाच नव्हता, आणि सून म्हणून दिरांपुढे, यजमानांपुढे ते तोंडातून निघत नव्हतं. तसं असेल तर ‘मला विकायचा नाही’ हे कारण स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं. त्याला वरून आलेल्या आज्ञेचा टेकू कशाला? उलट, आज्ञा म्हणून मांडलंत की समोरच्याचं तोंड बंद होतं. दिरांनी त्यावर बोलायचं काय? इच्छा म्हणून मांडलंत तर त्यांना त्यांची इच्छा, त्यांची गरज सांगता येईल. त्यांना पैशाची नड आहे का, हे तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?

मग नेहमीची कामं. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आज कुणाची नावं आहेत आणि सासूबाईंनंतर वारसांची नोंद झाली का, ते बघा. एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून तुळया आणि मागची भिंत तपासून घ्या, दुरुस्तीला काय लागेल ते लेखी घ्या. वाडा ठेवायचा तर दिरांचा हिस्सा कसा भागवणार, एकरकमी की वर्षाच्या हप्त्यांनी, याचा आकडा मांडा. हे सगळं करून कदाचित वाडा राहील, कदाचित जाईल. गेला तरी ती सकाळ खोटी पडत नाही, कारण ती वाड्याबद्दल नव्हतीच असं मला मनापासून वाटतं. देव आणि सहाण तुम्ही कुठेही न्या.

दिरांना फोन मात्र या वेळी तुम्ही स्वतः करा, यजमानांकरवी नको. बानाखत पंधरा-वीस दिवस पुढे ढकलायला सांगा, आणि इंजिनीअर यायच्या दिवशी त्यांनाही बडोद्याला बोलवा.